पिशवीला भोक पाडू नका

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत मुंबईला गेलो होतो. मुलीच्या हट्टापायी क्रॉफर्ड मार्केटमधून चार गोल्डफिश घेतले. दुकानदाराने पिशवीत थोडंसंच पाणी घातलं, बाकीची पिशवी सिलिंडरच्या नळीने फुगवली आणि तोंडाला रबरबँड आवळून दिली. ‘घरी पोचेपर्यंत उघडू नका,’ म्हणाला. रात्रीच्या देवगिरी एक्सप्रेसने संभाजीनगरला निघालो. समोरच्या बर्थवरचे काका म्हणाले, ‘अहो, गुदमरतील बिचारे! निदान टाचणीने एक भोक तरी पाडा.’ आम्हालाही ते पटलं. कल्याण गेल्यावर पिशवी सोडली, बाटलीतलं पाणी घालून काठोकाठ भरली आणि तोंड उघडंच ठेवून खिडकीच्या हुकाला टांगली. मनमाड यायच्या आत दोन मासे गेले. उरलेले दोन घरी पोचले, पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तेही गेले. बंद पिशवीत मासे श्वास कसा घेतात? आणि एवढ्या लांबून ते जिवंत आणता तरी येतात का?
— एक वाचक, सिडको

उत्तर : येतात, आणि दुकानदाराने बांधून दिलेल्या त्याच पिशवीत तुमचे चारही मासे आरामात स्टेशनवर उतरले असते. काकांचा जीव कळवळला हे खरं, पण गणित दुकानदाराच्या बाजूचं होतं.

ते गणितच आधी मांडतो. मासा पाण्यात विरघळलेला प्राणवायू कल्ल्यांनी घेतो. पाण्यात तो विरघळतो किती? तापमान ३० अंश असेल तर लिटरभर पाण्यात जेमतेम साडेसात मिलिग्रॅम. १० ग्रॅम वजनाचा मासा तासाला ढोबळमानाने तीनेक मिलिग्रॅम प्राणवायू वापरतो. चार मासे म्हणजे तासाला बारा. तुमची पिशवी तीन लिटरची होती असं धरू. ती काठोकाठ भरली तर आत सगळा मिळून बावीस-तेवीस मिलिग्रॅम प्राणवायू, म्हणजे दोन तासांचीही बेगमी नाही. पाण्याचा पृष्ठभाग उघडा होता म्हणाल, तर पिशवीच्या चिंचोळ्या तोंडाशी बशीएवढा. त्यातून वरची हवा खाली मुरायला फार वेळ लागतो. कल्याण ते मनमाड हे अंतर गाडी दोन तासांत काटत नाही. दोन मासे मनमाडच्या आत का गेले, याचं उत्तर इथेच मिळतं.

आता दुकानदाराची पिशवी बघा. एक लिटर पाणी, वर दोन लिटर प्राणवायू. एका लिटर शुद्ध प्राणवायूचं वजन १३०० मिलिग्रॅमच्या आसपास भरतं. म्हणजे पाण्याच्या डोक्यावर २६०० मिलिग्रॅमचा साठा, आणि मासे पाण्यातला जसजसा वापरतील तसतसा वरचा खाली उतरत राहतो. कागदावर हा साठा दोनशे तास पुरतो. सिलिंडर नसता आणि त्याने नुसती साधी हवा कोंडली असती, तरीही एका लिटर हवेत २७० मिलिग्रॅम प्राणवायू असतोच, म्हणजे दोन लिटरमध्ये ५४०. मुंबई ते संभाजीनगर हा सहा-सात तासांचा प्रवास त्याच्या पुढे काहीच नाही. मासे नेताना पाणी कमी आणि हवा जास्त, एकास दोन, हे प्रमाण धंद्यातले सगळे पाळतात ते यासाठी. पाणी म्हणजे माशाचा जीव, मग ते जितकं जास्त तितकं बरं, असं आपल्याला वाटतं. पिशवीत मात्र जास्तीचं पाणी हवेची जागा खातं.

एक गोष्ट मात्र तोंडाने करू नये. सिलिंडर नाही म्हणून कुणी पिशवीत फुंकर मारून ती फुगवतं. आपल्या उच्छ्वासात प्राणवायू कमी झालेला असतो आणि कार्बन डाय-ऑक्साइड चार टक्क्यांच्या घरात असतो. मोकळी पिशवी हवेतून एकदा झपकन ओढावी, आपोआप भरते, आणि तोंड पिळून बांधावं.

पिशवी बांधणाऱ्याचे हात कधी नीट पाहिलेत का? तो आधी आत उरलेली साधी हवा हाताने दाबून बाहेर काढतो, पार पाण्याच्या पातळीपर्यंत. मग नळी पाण्यात बुडवून प्राणवायू सोडतो, पिशवी फुगली की नळी ओढतो आणि त्याच झटक्यात तोंडाला चार-पाच पीळ देतो. पीळ दुमडून त्यावर रबरबँडचे वेढे. मग ही पिशवी दुसऱ्या पिशवीत उलटी घालतो, म्हणजे एकीचं तोंड दुसरीच्या बुडाशी येतं, आणि खालची दोन टोकं रबरबँडने बांधून गोल करतो. ती टोकं तशीच राहिली तर लहान मासे तिथे शिरून चेंगरतात. सगळं मिनिटभरात उरकतं. गप्पीसारखे लहान मासे घेताना ही टोकं बांधली आहेत ना, एवढं जरूर पाहा.

मुंबईहून वर येणाऱ्यांसाठी एक बारीक सूचना. कसारा सोडून गाडी घाट चढते आणि इगतपुरीला पोचेपर्यंत आपण समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास आलेलो असतो. संभाजीनगरही साधारण त्याच उंचीवर आहे. इथे हवेचा दाब मुंबईपेक्षा सहा-सात टक्क्यांनी कमी, म्हणून क्रॉफर्ड मार्केटात टम्म फुगवलेली पिशवी घाटानंतर आणखी ताणते. पातळ पिशवी असेल तर शिवणीतून पाझरू लागते. दुकानदाराला सांगायचं, ‘घाटावर न्यायचेत, जरा सैल बांधा.’ त्याला कळतं.

आणि पिशवी टांगू नका, आडवी ठेवा. आडव्या पिशवीत पाणी पसरतं, हवेशी त्याचा संबंध वाढतो. गाडीच्या हादऱ्यांनी मासे घाबरतील म्हणून काही जण पिशवी मांडीवर धरून रात्र जागून काढतात. हौस असेल तर धरा, पण ते हादरे उपयोगाचे आहेत. पाणी हेलकावलं की वरचा प्राणवायू त्यात लवकर मिसळतो.

ही युक्ती मत्स्यालयवाल्यांनी शोधलेली नाही. प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि सिलिंडर येण्यापूर्वी बंगालमधून मत्स्यबीज देशभर जायचं, ते मातीच्या हंड्यांतून आणि रेल्वेनेच. पावसाळ्यात गंगेच्या पुरात रोहू, कटला, मृगळ अंडी घालत. नदीतून गोळा केलेली ती नखाएवढी पिल्लं हंड्यांत भरून हावड्याला गाडीत चढत. हंड्यांबरोबर माणसं जात. त्यांचं काम एकच, वाटभर हाताने पाणी डहुळत राहायचं आणि मोठ्या स्टेशनवर संधी मिळाली की थोडं बदलायचं. हंडीत चिमूटभर लाल मातीही टाकत, तिच्याबरोबर पाण्यातली घाण खाली बसते. हात थांबला की पिल्लं मरायची. एवढं करूनही वाटेत पुष्कळ मरत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरी यांनी माशाच्या पीयूषिका ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन बंदिस्त पाण्यात माशांचं प्रजनन घडवलं. त्यानंतर हळूहळू प्रत्येक राज्यात बीज तयार होऊ लागलं आणि हावड्यावरचं अवलंबून राहणं सुटत गेलं. हा दिवस आज राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. पावसाळ्यात आपल्या मराठवाड्यातल्या पाझर तलावांवर आणि शेततळ्यांवर टेम्पोतून फुगलेल्या पिशव्या उतरताना दिसतात, त्यांतली बोटुकली तुमच्या गोल्डफिशसारखाच प्रवास करून आलेली असते.

आता उरलेल्या दोन माशांकडे येऊ. ते प्राणवायूअभावी गेले नाहीत. बंद पिशवीत प्राणवायू संपण्याच्या कितीतरी आधी दोन गोष्टी साठतात : माशांनी सोडलेला कार्बन डाय-ऑक्साइड आणि अमोनिया. मासा अमोनिया मुख्यतः कल्ल्यांवाटे सतत पाण्यात सोडतो, आणि पोटात अन्न असेल तर जास्त सोडतो. म्हणून जाणकार विक्रेता पाठवणीच्या आधी मासे दिवस-दोन दिवस उपाशी ठेवतो. मत्स्यबीजालाही हाप्यात, म्हणजे पाण्यात ताणलेल्या बारीक जाळीच्या पिंजऱ्यात, असंच उपाशी ठेवून मग पिशवीत भरतात. ‘प्रवासात भूक लागेल’ म्हणून पिशवीत खाद्य टाकणारे पालक मी ऐकून आहे. निरोगी मोठा मासा आठवडाभर सहज उपाशी राहतो. सात तासांत त्याला उपवासाने काही होत नाही, ओल्या खाद्याने मात्र पाणी नासतं.

गंमत अशी की पिशवीत साठलेला कार्बन डाय-ऑक्साइड माशाला थोडासा वाचवतोही. त्याने पाणी आम्लाकडे झुकतं. शेतकऱ्यांना माती परीक्षणातला ‘सामू’ (पीएच) माहीत असतो, तो इथे उतरतो. सामू ७ असेल तर अमोनियाचा विषारी अंश शंभरात एकही नसतो, बाकीचा निरुपद्रवी रूपात राहतो. सामू ८ झाला की तोच अंश जवळपास दहा पटींनी वाढतो. आता प्रवासात मध्येच पिशवी उघडली तर काय होतं? कार्बन डाय-ऑक्साइड उडून जातो, सामू चढतो आणि इतका वेळ निपचित असलेला अमोनिया एकदम जागा होतो. वरचा प्राणवायू तर गेलेलाच असतो. एका उघडण्यात दोन्हीकडून नुकसान. तुम्ही त्यात बाटलीतलं पाणी मिसळलंत, म्हणजे तापमान आणि क्षार दोन्ही क्षणात बदलले. तेवढ्यातून दोन मासे वाचले, हे गोल्डफिशच्या चिवटपणाचं लक्षण.

पण मग ते घरी येऊन का गेले? मला विचाराल तर प्रवासातून आणलेल्या माशांपैकी बहुतेक वाटेत मरत नाहीत, घरी आल्यावर मरतात, आणि दोष मात्र प्रवासाला लागतो.

तुम्ही लिहिलं नाहीत, पण काचेची पेटी किंवा गोल भांडं त्याच दिवशी आणून, धुऊन, नळाचं पाणी भरून मासे सोडले असतील असा माझा अंदाज आहे. इथे आपल्या शहराचं पाणी आड येतं. मुंबईचं पाणी तानसा, वैतरणा, भातसाच्या तलावांतलं, फार मऊ, क्षार नावापुरते. आपल्याकडे नाथसागर जलाशयाचं पाणी आलं तर ठीक, पण ज्यांच्याकडे बोअर किंवा टँकर आहे त्यांचं पाणी या काळ्या पाषाणातून वर आलेलं, चांगलंच जड. बादलीच्या कडेला आणि गिझरच्या कॉइलवर पांढरा थर धरतो तो त्याच क्षारांचा. माशाच्या अंगात आणि बाहेरच्या पाण्यात क्षारांचा तोल साधण्याचं काम अखंड चालू असतं. तो तोल मिनिटभरात बदलला तर मासा लगेच मरत नाही. एक-दोन दिवस कोपऱ्यात निपचित बसतो आणि मग जातो.

क्लोरीनच्या बाबतीत मात्र आपली अडचण आपल्या पथ्यावर पडली आहे. नळाला रोज पाणी न येणाऱ्या शहरात प्रत्येक घरात ड्रम आणि टाक्या भरलेल्या असतात. उघड्या भांड्यात दिवस-दोन दिवस उभ्या राहिलेल्या पाण्यातला क्लोरीन उडून जातो. तेव्हा पेटी भरायची ती नळ आला त्या दिवशीच्या पाण्याने नाही, आधीच्या पाळीच्या साठवणीतून. घाईच असेल तर दुकानात ‘हायपो’चे खडे मिळतात, सोडियम थायोसल्फेट, ते टाकले की क्लोरीन नाहीसा होतो.

याहून मोठं कारण डोळ्यांना दिसत नाही. नव्या कोऱ्या पेटीत माशांचा अमोनिया पचवणारे जिवाणू नसतात. ते फिल्टरच्या स्पंजवर, खड्यांवर, काचेवर हळूहळू वसतात. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. ही वसाहत बसायला तीन-चार आठवडे लागतात. तोवर पेटी म्हणजे मोठी, पण पिशवीच. गोल्डफिश तर घाण करण्यात पटाईत, त्यामुळे वाटीएवढ्या गोल भांड्यात गोल्डफिश ठेवणं हा मला शोभेच्या नावाखाली चाललेला छळ वाटतो. ते भांडं दुकानात कितीही गोजिरवाणं दिसो, घेऊ नका.

म्हणून क्रम उलटा करायचा. मुंबईला जायच्या महिनाभर आधी घरात पेटी भरून फिल्टर चालू करायचा. ओळखीच्या कुणाकडे जुनी पेटी असेल तर त्यांच्या फिल्टरमधला थोडा मळका स्पंज मागून आपल्यात ठेवायचा, जिवाणू आयते येतात. तो स्पंज नळाखाली धुऊ नये, एवढंच पथ्य.

घरी आल्यावरची रीत अशी. खोलीतले आणि पेटीतले दिवे बंद करा, अंधारात मासे शांत राहतात. पिशवी न उघडता पेटीच्या पाण्यावर पंधरा-वीस मिनिटं तरंगू द्या, तापमान जुळतं. मग पिशवी उघडून मासे पाण्यासकट स्वच्छ बादलीत घ्या आणि पेटीतून एक बारीक नळी बादलीत सोडा. नळीला सैल गाठ मारली की थेंब-थेंब पाणी उतरतं. मराठवाड्याच्या माणसाला ठिबक शिकवायला नको. अर्ध्या-पाऊण तासात बादलीतलं पाणी दुप्पट झालं की जाळीने मासे उचलून पेटीत सोडा. बादलीतलं पाणी झाडांना घाला, पेटीत नको. त्यातून पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आणि इतर पाहुणे येतात. ज्यांच्याकडे आधीपासून मासे आहेत त्यांनी नव्यांना दोन-तीन आठवडे वेगळ्या टबात ठेवावं.

मासे चोवीस तासांपेक्षा जास्त वेळ पिशवीत होते, उदाहरणार्थ चेन्नईहून किंवा कोलकात्याहून आले, तर मात्र हे ठिबक लांबवू नये. पिशवी उघडल्याबरोबर अमोनिया चढू लागतो, हे वर आलंच आहे. तेव्हा तापमान जुळवायचं आणि लगेच स्वच्छ पाण्यात हलवायचं. दोन वाइटांतलं कमी वाइट निवडायचं.

मोसमाचंही बघा. मे महिन्यात इथे पारा ४० च्या वर जातो. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो, आणि नेमकी तेव्हाच माशाची गरज वाढते. समृद्धी महामार्गाने कारने येत असाल तर जेवायला थांबताना मासे गाडीत ठेवून काच लावून जाऊ नका. डिसेंबर-जानेवारीत उलट, मुंबईच्या उबेतून निघालेली पिशवी पहाटे स्टेशनबाहेर रिक्षात येते तेव्हा बाहेर दहा-बारा अंश असतात. दोन्ही वेळी थर्माकोलचा खोका हा सर्वांत स्वस्त विमा आहे. औषधांच्या दुकानात रिकामे मिळतात. वर्तमानपत्रात गुंडाळून पिशव्या त्यात आडव्या ठेवल्या की ऊन, थंडी आणि उजेड तिन्हींची काळजी मिटते. एसी कोचमध्ये खोका झोताखाली ठेवू नका. विमानाने येणार असाल तर तिकीट काढण्यापूर्वी कंपनीला विचारा. जिवंत प्राणी प्रवाशाच्या हाती न देता मालवाहतुकीतून नेण्याचे नियम आहेत आणि ऐनवेळी सुरक्षा तपासणीच्या दारात वाद घालून उपयोग होत नाही.

एक अपवाद सांगून हा प्रश्न संपवतो. फायटर आणि गुरामी हे मासे कल्ल्यांशिवाय डोक्यातल्या एका खास अवयवाने वरची हवाही घेतात. त्यांना प्राणवायूच्या सिलिंडरची गरज नाही, साधी हवा भरलेली छोटी पिशवी पुरते. मात्र प्रत्येक नर फायटर वेगळ्या पिशवीत. एकत्र बांधले तर घरी एकच येईल.

प्रश्न : पैठणला नातेवाईक आहेत. तिथून जिवंत मरळ आणावा अशी घरच्यांची इच्छा आहे. बादलीतून आणता येईल का? रोहू मात्र वाटेतच मरतो, असं का?
— एक वाचिका, उस्मानपुरा

उत्तर : येईल, आणि मरळ हा त्यासाठी सर्वांत सोयीचा मासा. तो वर सांगितलेल्या फायटरसारखा वरची हवा घेणारा आहे. इतका, की त्याला वर येऊ दिलं नाही तर पाण्यात बुडून मरतो. म्हणून बादली काठोकाठ भरू नका. मासा जेमतेम बुडेल एवढं पाणी, वर मोकळी जागा आणि घट्ट झाकण. झाकणाला भोकं असावीत. या बादलीला काकांचा सल्ला लागू पडतो. झाकण घट्ट अशासाठी की मरळ उडी मारण्यात तरबेज आहे. पैठण ते संभाजीनगर हे पन्नासेक किलोमीटर त्याला सीटखाली शोधत काढावे लागू नयेत. बाजारात मरळ परातीत वळवळताना दिसतो आणि रोहू बर्फावर, याचं कारणही हेच. रोहू सर्वस्वी कल्ल्यांवर जगतो. बादलीतल्या दहा लिटर पाण्यातला प्राणवायू किलोभराच्या रोहूला अर्धा तासही पुरत नाही. रोहू खायचाच असेल तर बर्फात आणा. जिवंत आणण्याचा आटापिटा करून अर्धमेला करण्यापेक्षा ते बरं, माशाच्या दृष्टीनेही आणि चवीच्या दृष्टीनेही.

प्रश्न : मुलगा सिंगापूरला असतो. तिथे फार सुंदर मासे मिळतात. येताना सामानातून दोन-चार आणले तर?
— एक वाचक, गारखेडा

उत्तर : आणू नका. परदेशातून जिवंत मासे भारतात आणायला केंद्र सरकारचा आयात परवाना लागतो, ते ठरावीक विमानतळांवरच उतरवता येतात आणि नंतर विलगीकरणात ठेवावे लागतात. सामानातली पिशवी यातल्या कशातच बसत नाही. हा नुसता कागदी जाच नाही. कोइ माशांचा एक विषाणूजन्य रोग गेल्या पंचवीस-तीस वर्षांत देशोदेशी पसरला, तो मुख्यतः शोभेच्या माशांच्या वाहतुकीतून. आपल्या शेततळ्यांतला सायप्रिनस कोइचाच भाऊबंद आहे, तो रोग त्यालाही होतो. आणि मुलाच्या मनात अरोवाना असेल, लोक ज्याला लक्ष्मीचा मासा मानतात तो, तर आशियाई अरोवाना आंतरराष्ट्रीय करारानुसार सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत आहे. वन्यजीव कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर अशा परदेशी प्राण्यांची घरातही नोंदणी करावी लागते. दुकानदार ‘बिल देतो’ म्हणाला, एवढ्यावर भागत नाही.

प्रश्न : पेटीतला सकर मासा फूटभर झाला. आता झेपत नाही. सलीम अली सरोवरात किंवा खाम नदीत सोडून दिला तर पुण्य लागेल ना?
— एक वाचक, दिल्ली गेट

उत्तर : पुण्य नाही लागणार. ‘पेटी साफ करतो’ म्हणून बोटभर असताना विकला जाणारा हा दक्षिण अमेरिकेतला मासा फूट-दीड फुटाचा होतो, अंगावर हाडांचं चिलखत असल्याने त्याला खाणारं इथे फारसं कुणी नाही, आणि काठात बिळं करून तो अंडी घालतो. आंध्र, तेलंगण, बंगालच्या तळ्यांत तो कोळ्यांची जाळी फाडतोय, आणि तिथे तो आला तो अशाच पेट्यांतून. परका मासा एकदा पाण्यात रुजला की काढता येत नाही, याचं उदाहरण लांब शोधायला नको. आफ्रिकेतली चिलापी भारतात १९५२ साली मुद्दाम आणली गेली. आज उजनीच्या जाळ्यांत तीच सर्वाधिक दिसते. डासांसाठी आपण टाक्यांत आणि हौदांत सोडतो ते गप्पीही बाहेरचेच. खामचं पाणी पुढे गोदावरीला मिळतं, म्हणजे तुमचा सकर घरापाशी राहील याची हमी नाही.

ज्या दुकानातून घेतला तिथे परत द्या. मोठे सकर ते बहुधा फुकट का होईना ठेवून घेतात. नाही घेतला तर मोठी पेटी असलेला हौशी माणूस शोधा. नेताना पिशवी दुहेरी-तिहेरी वापरा किंवा सरळ झाकणाची बादली घ्या, कारण त्याच्या पंखांचे काटे एका पिशवीला दाद देत नाहीत. आणि पुढच्या वेळी दुकानात कुठलाही मासा पसंत पडला, तर भाव विचारण्याआधी तो वाढून केवढा होतो हे विचारा.